जीवदयेच्या वहीत भुलीचा खर्च कुठे आहे?



मागच्या पंधरवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश तीनदा फिरून आला. मोतीबिंदूच्या शिबिराला जाणाऱ्या श्राविकांनी मनात शंका आणू नये, डोळ्यात घालतात ते आणि भूल देण्याआधी टोचतात ते औषध धोतऱ्याच्या जातीच्या झाडापासून काढतात, सबब ते शुद्ध वनस्पतिजन्य व अहिंसक आहे. खाली हात जोडल्याची दहा चित्रं आणि सगळ्यांचे 'अनुमोदना, अनुमोदना'.

मला त्या 'सबब'चा राग आला. इतका, की दुपारचं सामायिक झाल्यावर उठून लिहायलाच बसले.

आधी माहितीतली चूक. धोतऱ्यातून आणि त्याच्या परदेशी भावंडातून, म्हणजे बेलाडोनातून, निघतं ते ॲट्रोपिन. एका जर्मन औषधविक्रेत्याने ते १८३१ साली वेगळं काढलं. पण आज डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात ते बहुतेक वेळा ट्रोपिकामाइडचे असतात आणि ऑपरेशनआधी पुष्कळदा ग्लायकोपायरोलेट टोचतात. ही दोन्ही कारखान्यात बनतात. धोतऱ्याशी त्यांचं नातं एवढंच, की काम तेच करतात. ज्या ज्या बाईचं ऑपरेशन झालंय तिला ते काम ठाऊक आहे. घशाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते, आणि आपण नर्सकडे पाणी मागत राहतो. लाळ आटवायची, म्हणजे बेशुद्धीत ती श्वासनळीत जाणार नाही, आणि हृदयाचे ठोके एकदम मंद पडू द्यायचे नाहीत, यासाठी ते देतात. हे भुलीचं औषध नव्हे. भुलीच्या आधीचं, भूल निर्धोक करणारं औषध आहे.

आता खरा मुद्दा. झाडातून निघालं म्हणून अहिंसक, हा हिशेब कुणी लावला? मी कॉमर्सची पदवीधर आहे. आम्हाला कॉस्टिंगच्या पहिल्याच धड्यात शिकवलं होतं की मालाचा खर्च म्हणजे नुसता कच्च्या मालाचा भाव नव्हे. कच्चा माल धोतरा असेल. पण हे औषध शरीरात काय करतं हे माणसाला कळलं कसं, तो खर्च कुणाच्या नावे पडला?

ऑस्ट्रियात ग्राझ इथे ऑटो लोएवी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२१ साली दोन बेडकांची हृदयं काढून खारट पाण्यात धडधडत ठेवली. एकाला त्याची मज्जा जोडलेली होती. ती डिवचली की ठोके मंद व्हायचे. त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंद झालं. म्हणजे मज्जा काहीतरी रसायन सोडते आणि ते निरोप पोचवतं. त्यालाच पुढे ॲसिटिलकोलीन म्हणू लागले. ॲट्रोपिन घातलं की तो निरोप हृदयापर्यंत पोचतच नाही, हेही त्याच बेडकांनी शिकवलं. लोएवींना १९३६ साली नोबेल मिळालं. नंतरच्या काळात आपल्याकडच्या वैद्यकीय कॉलेजांत किती बेडूक आणि किती ससे याच धड्यासाठी टेबलावर आले त्याची मोजदाद नाही. सशाच्या एका डोळ्यात ॲट्रोपिन घालायचं, बाहुली फाकलेली बघायची, वहीत आकृती काढायची. अलीकडे एमबीबीएसच्या मुलांना हेच संगणकावर दाखवतात आणि शिक्षणात काही उणं पडलेलं नाही. मग आधी एवढी वर्षं कशासाठी?

आणि तो ससा! कित्येक सशांच्या रक्तातच ॲट्रोपिन मोडून टाकणारं द्रव्य असतं. म्हणून ते बेलाडोनाची पानं खाऊनही जगतात आणि म्हणून पशुवैद्य सशाला भूल देताना ॲट्रोपिनवर फार विसंबत नाहीत, ग्लायकोपायरोलेट घेतात. म्हणजे सशाला जे मानवतं ते माणसाला मारू शकतं. प्राण्यावर पाहिलं म्हणजे माणसाचं कळलं, असं छातीठोक म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्याच्या उलट गोष्ट आपल्या कोकणातली आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला लागले तेव्हा लाल विंचू चावून पोरंबाळं मरत होती. विंचू चावला की आधी घाम फुटतो, लाळ गळते, कधी नाडी मंद होते. वरवर बघणाऱ्याला वाटणार, ॲट्रोपिन द्या, लाळ आटेल, नाडी वाढेल. पण त्या विषाने लगोलग शरीरात वादळ उठतं, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्यात ॲट्रोपिन म्हणजे तापल्या तेलात पाणी. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसून हा क्रम टिपला. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि जिथे शंभरातले तीसेक दगावायचे तिथे ते प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान आलं कुठून? खाटेवरच्या माणसाकडे लक्ष देऊन बघण्यातून. त्यासाठी त्यांना कुठल्या पिंजऱ्याची गरज पडली नाही.

मी काही असं म्हणत नाही की प्राझोसिन तरी अगदी निर्मळ. ती गोळीही बाजारात येण्याआधी प्राण्यांच्या अंगावरूनच आली असणार. आणि इथेच मला आपल्यातल्या दुसऱ्या टोकाच्या बायकांशीही भांडायचं आहे. संदेश फिरवणाऱ्या एका बाजूला, तर 'असली औषधं घेणारच नाही, आयुष्य कर्माधीन आहे' म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला. मुंबई-पुण्यात राहून हे म्हणणं सोपं आहे. मी राहते वांगणीला. लोकल थांबते ती वांगणी नव्हे, ही जव्हार-मोखाड्याकडची. इथे पावसाळ्यात भाताच्या बांधावर मण्यार चावते आणि माणसाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचं तर आधी गाडी शोधावी लागते. तिथे जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून बनते. आपल्या हाफकिनने ती वर्षानुवर्षं बनवली आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की रक्त काढायचं. नाग-मण्यारच्या विषाने पापण्या मिटायला लागल्या, श्वास अडायला लागला तर निओस्टिग्मिन देतात आणि त्याच्या आधी ॲट्रोपिनची कुपी. फवारणीचं औषध पोटात गेलेल्याला तर एकामागून एक कुप्या द्याव्या लागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक माणसं गेली, तेव्हा ॲट्रोपिनचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं. अशा वेळी खाटेवरच्या बाईला किंवा तिच्या लेकराला 'हे औषध हिंसक आहे' असं सांगायला मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका. जीव वाचवायचाच आहे.

पण वाचवल्यावर 'आपण शुद्ध' असं म्हणायचं नाही. आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं हे पाठशाळेतलं पोर सांगेल, केलं, करवलं आणि अनुमोदिलं. पिंजऱ्यापाशी आपण गेलो नाही म्हणून पहिली वाट बंद. बाकीच्या दोन सताड उघड्या आहेत. आणि आपल्या समाजातली किती घरं औषधांच्या धंद्यात आहेत हे मला सांगायला नको. कारखाने आहेत, घाऊक दुकानं आहेत, सून फार्मसी शिकलेली आहे. मार्च २०२३ मध्ये सरकारने नियम बदलून नव्या औषधाच्या तपासणीसाठी प्राण्यांऐवजी पेशी, संगणक आणि तत्सम पद्धती चालतील अशी मोकळीक दिली. त्या आधी २०१४ साली सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला बंदी आली. आपल्यातल्या कारखानदारांनी देरासरात शिखरासाठी बोली लावताना एकदा सांगावं, या मोकळिकीचा त्यांनी किती उपयोग केला. आम्ही बायका विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

अजून एक काटा काढून ठेवते, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. नातवाच्या परीक्षेआधी आपण ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली आणतो. हिरवा ठिपका बघतो आणि निश्चिंत होतो. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते हे 'सिद्ध' कसं करतात, ठाऊक आहे? ॲट्रोपिनचंच सख्खं भावंड आहे स्कोपोलामिन. तेही धोतऱ्यात असतं. ते उंदराला टोचलं की त्याची आठवण पुसट होते. मग त्याला पाण्याच्या हौदात सोडतात. पाण्याखाली कुठेतरी एक छोटा ओटा लपवलेला असतो. काल शिकवलेला तो ओटा त्याला आज आठवतो का, ब्राह्मी पाजलेला उंदीर लवकर पोचतो का, हे घड्याळ लावून बघतात. पुष्कळदा शेवटी मेंदू काढून तपासतात. असे प्रबंध देशभरातल्या फार्मसी कॉलेजांतून ढिगाने झालेत, एकाच वनस्पतीवर पुन्हा पुन्हा, पदवी हवी म्हणून. हजारो वर्षं आपल्या आज्या जे देत आल्या त्याला दाखला मिळावा म्हणून उंदराला वेड लावायचं. हा मला उघड उघड अनर्थदंड वाटतो, विनाकारण केलेलं पाप. विंचवाच्या, सापाच्या औषधाला निदान 'जीव वाचला' असं उत्तर तरी आहे. याला काय उत्तर आहे?

आता मी मूळ भांडणाकडे येते, आणि ते प्रयोगशाळेशी नाही, आपल्याशी आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय की प्रयोगात कापाकापी असेल तर शक्य तिथे प्राण्याला वेदना होणार नाही इतकी भूल द्यावी, आणि पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्रयोग टाळावा. ते किती पाळतात हा प्रश्न वेगळा, पण निदान कागदावर आहे. त्याच कायद्याचं ११ वं कलम उघडा. क्रूरता कशाकशाला म्हणायचं याची लांबलचक यादी आहे. आणि मग सूट. गुरांची शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं, हे ठरवून दिलेल्या पद्धतीने केलं तर क्रूरता नाही. म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदराला कागदावर तरी भूल आहे, आणि माझ्या दारासमोरून जाणाऱ्या गोऱ्ह्याला २०२३ पर्यंत कागदावर तेवढीही नव्हती.

इथे गोऱ्हा नांगराला जुंपायच्या आधी खच्ची करतात. पूर्वी दगडा-लाकडाने बडवत, आता जिथे दवाखान्याचा माणूस येतो तिथे चिमट्याने नस चेचतात. चार माणसं गोऱ्ह्याला पाडून बसतात. त्याचा आवाज दोन शेतं पलीकडे जातो. बधीर करायची सुई असते, तिचं नाव लिग्नोकेन, दात काढताना आपल्याला देतात तीच. ती सहसा कुणी देत नाही, कारण कुणी आणलेलीच नसते.

'ते आदिवासी लोकांचं, आपण कुठे करतो?' हे उत्तर मी चार ठिकाणी ऐकलं आहे. त्या बैलाने पिकवलेली नागली, वरई, भात कुणाच्या दुकानात येऊन तोलली जाते? बैल घ्यायला उचल कुणी दिली होती? वारली-कोकणा शेतकऱ्याला दोष देणं फार स्वस्त आहे. त्याच्यापाशी पर्याय नाही, आणि जनावरावर तो जीव लावतो तो आपल्यापेक्षा जास्त. आपल्याकडे मात्र शास्त्राने पंधरा कर्मादानं सांगून ठेवली आहेत, श्रावकाने न करायचे धंदे. त्यात निर्लांछन कर्म आहे. खच्ची करणं, नाक टोचणं, डाग देणं, सगळं त्यात आलं. पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत छविच्छेद आहे. प्रतिक्रमणात आपण हे शब्द दर पंधरवड्याला म्हणतो, अर्थाशी न थांबता, आगगाडी निघाल्यासारखे.

आणि बैल म्हातारा झाला की आपल्या गोशाळेत येतो. तिथलं सांगते. एका गोशाळेत, नाव घेत नाही, शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाचं शिंग कापलं गेलं तेव्हा मी कार्यालयात बसून पावती फाडून घेत होते. आवाजावरून उठून बघायला गेले. शिंगाच्या बुडाशी बधीर करायची सुई टोचली की तो भाग मरून जातो, हे माझी पशुवैद्य भाची मला आधीच समजावून गेली होती. मी विचारलं, सुई दिली का? व्यवस्थापक म्हणाले, 'औषध संपलंय, मागवलंय.' त्यांच्या मागे भिंतीवर देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक होते. मी मोजले. अकरा.

म्हणून मी पावतीपुस्तकं मागून घेतली आणि तीन वर्षांचा खर्च मांडून बघितला. चारा, चारा, चारा. शेड. पाण्याची टाकी. कबुतरांचं धान्य. ईदच्या आधी सोडवलेले बोकड. फलक. महाराजसाहेबांच्या आगमनाचा मांडव. औषधं एका ओळीत, आणि त्या ओळीत जुलाबाची नि जखमेची. भुलीच्या औषधांचा रकाना सोडा, शब्दही नाही.

मी चाऱ्याविरुद्ध बोलत नाहीये. उपाशी गाईला आधी गवतच लागतं. पण जीवदया म्हणजे कोंडून चारा घालणं एवढीच आपली समजूत मुंबईत पांजरापोळ निघाला त्या १८३४ सालापाशीच थांबली आहे. इंग्रजांनी रस्त्यातली कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी तो उभारला, फार मोठं काम केलं. पण पुढे पन्नासेक वर्षांत पारशी दिनशा पेटिटांनी परळला जनावरांचं हॉस्पिटलच बांधलं, पत्नी साकरबाईंच्या नावाने. भिंत आणि वैद्य, दोन्ही लागतात. आपण भिंतीच बांधत राहिलो.

खर्चाचं म्हणाल तर ऐका. ॲट्रोपिनची कुपी साधारण एका कटिंग चहाच्या आसपास पडते. लिग्नोकेनची बाटली महाग नाही आणि एका बाटलीत कितीतरी जनावरं होतात. खर्च आहे तो जाणत्या पशुवैद्याचा, आणि तोच करायला हवा, कारण हे घरगुती काम नाही. कुत्र्याच्या नसबंदीत झायलाझिनने ठोके मंद होतात म्हणून पुष्कळ डॉक्टर आधी ॲट्रोपिन देतात. गाय-बैलाला तेच देताना हात आवरतात, कारण त्यांची लाळ कमी न होता चिकट होते, पोटाची हालचाल थांबते आणि पोट फुगतं. झायलाझिन तर गाईला घोड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच लागतं. तेव्हा कुणी उत्साहाच्या भरात औषध आणून गोशाळेच्या माणसाच्या हाती देऊ नका. पैसे डॉक्टरसाठी बाजूला काढा.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, 'नसबंदी हीच हिंसा, तिला भूल देऊन आपण अनुमोदना करतो.' कुत्र्यांची नसबंदी २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनी चाललीच आहे, तुम्ही अनुमोदा अगर न अनुमोदा. ती थांबवणं आपल्या हाती नाही. टेबलावरच्या कुत्रीला पुरती भूल मिळते का, ऑपरेशननंतर वेदनाशामक मिळतं का, एवढं विचारणं हाती आहे. ज्यांना कुत्र्यांसाठी नाही द्यायचं त्यांनी बैलांसाठी द्यावं. दुसरा आक्षेप, 'वेदना भोगली की त्या जीवाची निर्जरा होते, आपण मध्ये का पडावं?' हे मला एका शिकलेल्या बाईने सांगितलं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पाठीतून भूल घेऊन. मी त्यांना तेवढंच आठवून दिलं. तिसरा आक्षेप पैशाचा, त्याचं उत्तर वर आलं.

पर्युषणाआधीच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. त्यात मी लेखी ठराव ठेवणार आहे. जीवदया फंडाच्या जमाखर्चात 'पशुवैद्य व भूल' असा वेगळा रकाना असावा, आलेल्या बोलीतला दहावा हिस्सा त्यात जावा, ज्या गोशाळेला आपण मदत देतो तिने शस्त्रक्रियांची नोंदवही ठेवावी आणि त्यात कोणतं औषध दिलं ते डॉक्टरांनी सहीनिशी लिहावं. वांगणीच्या आसपासच्या पाड्यांवर गोऱ्हे खच्ची करायच्या दिवसांत एक डॉक्टर आणि सुया आपण पुरवाव्यात, शेतकऱ्याकडून एक पैसा न घेता. तीन वर्षांचा तक्ता मी झेरॉक्स करून आणते. कुणाला विरोध असेल तर त्यांनीही कागदावर लिहून आणावा, ग्रुपवर हात जोडून भागणार नाही.